खाते कोणाच्या नावावर?

(बडोदे येथे मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

उपस्थित ज्येष्ठ मंडळी, मित्रमैत्रिणींनो आणि महाविद्यालयांतून मुद्दाम आलेल्या विद्यार्थ्यांनो, आजचा विषय निमंत्रणपत्रिकेवर ‘नेहमीच्या कामांसाठी क्लाउड सर्व्हर कसा उभारावा’ असा छापला आहे. क्लाउड सर्व्हर म्हणजे एखाद्या कंपनीच्या केंद्रातला, आपण इंटरनेटवरून भाड्याने वापरतो तो सतत चालू असणारा संगणक. वेबसाइट, डेटाबेस (म्हणजे तक्त्यांत मांडलेली माहिती), फायलींचा साठा आणि बॅकअप या चारही कामांबद्दल मी बोलणार आहे. मात्र त्याआधी एक गोष्ट तुमच्यासमोर मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण माझ्या अनुभवात सर्व्हर बिघडतो तो बहुतेक वेळा तांत्रिक कारणाने नव्हे, तर ही गोष्ट सुरुवातीला ठरवली नाही म्हणून. सर्व्हर उभारणे आज फार सोपे झाले आहे. अ‍ॅमेझॉनने २००६ साली संगणकशक्ती तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली; असे मशीन भाड्याने देणारे मायक्रोसॉफ्टचे केंद्र २०१५ साली पुण्यात आले, अ‍ॅमेझॉनचे २०१६ साली आणि गूगलचे २०१७ साली मुंबईत आले. बडोद्यापासून सुमारे चारशे किलोमीटरवर असलेले मशीन आपण इथे बसून काही मिनिटांत सुरू करू शकतो. प्रश्न एवढाच आहे, की ज्याने ते सुरू केले तो माणूस उद्या शहरात नसला, तर ते मशीन कोणाचे? आणि ते कोसळले, तर जसेच्या तसे पुन्हा कोण उभारणार?

या शहराला हा प्रश्न नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांची घडी बसवण्यासाठी बोलावले. ते १९१३ साली परत गेले, तरीही बडोद्याची ग्रंथालये चालू राहिली आणि वाढत गेली. जाण्यापूर्वी त्यांनी पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत लिहून काढली होती आणि १९११ सालीच इथे ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला होता. पुढे ज. स. कुडाळकर यांच्यासारख्या इथल्याच माणसांनी ते काम सांभाळले. बाहेरून आणलेले ज्ञान कागदावर आणि इथल्या माणसांच्या हातांत उतरले होते, हे त्यामागचे कारण आहे आणि मला सर्व्हरच्या बाबतीतही नेमके तेच अपेक्षित आहे.

आता एका संस्थेची हकीकत सांगते. संस्था आपल्याच शहरातली आहे. तिचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही, कारण तिच्या जागी तुमच्या-माझ्या ओळखीची कोणतीही संस्था असू शकली असती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कचेरीतला त्यांचा संगणक पाण्यात गेला. सभासदांची यादी आणि पुस्तकांची सूची कोषाध्यक्षांच्या घरी एका पेन ड्राइव्हवर होती म्हणून वाचली. त्यानंतर कार्यकारिणीने एकमताने ठरवले, की यापुढे सगळे क्लाउडवर ठेवायचे, आणि तो निर्णय अगदी योग्य होता. कार्यवाहांच्या ओळखीतला एक हुशार, मनापासून काम करणारा मुलगा पुढे आला आणि त्याने एक पैसाही न घेता सगळी मांडणी करून दिली. खाते उघडताना त्याने विचारले होते, “काका, ईमेल आणि कार्ड कोणाचे देऊ?” त्यावर उत्तर मिळाले, “अरे, सध्या तुझ्याच नावाने कर, संस्थेचे नंतर पाहू.” महिन्याचे बिल त्याला रोख दिले जाई, त्याची पावतीही फाइलला लागे आणि हिशेबतपासनिसांनाही त्यात वावगे काही दिसले नाही.

पुढे त्या मुलाला कॅनडात नोकरी लागली. इथले सिम कार्ड त्याने बंद केले, बँकेच्या कार्डाची मुदत संपली आणि बिल थकल्याच्या सूचना त्याच्या महाविद्यालयाच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या, जो तो आता उघडतही नव्हता. सेवा देणाऱ्या कंपनीने नियमाप्रमाणे मुदत दिली, मग मशीन बंद केले आणि ठरावीक दिवसांनंतर डिस्क पुसली जाईल असे कळवले. तेही त्याच ईमेलवर. वार्षिक सभेसाठी सभासदांची यादी छापायला घेतली, तेव्हा पान उघडेना, आणि मला बोलावणे आले. मी कंपनीशी पत्रव्यवहार केला. खातेदाराची ओळख पटल्याशिवाय आम्ही काहीही करू शकत नाही, असे त्यांनी नम्रपणे कळवले. यात कंपनीला बोल लावण्याचे कारण नाही. संस्थेचे लेटरहेड दाखवणाऱ्या कोणाच्याही हाती दुसऱ्याचे खाते दिले जाऊ लागले, तर आपल्यापैकी कोणाचीच माहिती सुरक्षित राहणार नाही.

मुलाशी संपर्क झाला तेव्हा त्याला फार वाईट वाटले. पासवर्ड त्याला आठवत होता, पण दुसऱ्या टप्प्याचा ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जात होता. खाते उघडताना मिळालेले आपत्कालीन संकेतांक त्याने छापून ठेवले होते आणि तो कागद इथे घरी कुठेतरी असावा, एवढेच त्याला स्मरत होते. मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने कपाटातून त्याच्या मार्कशीटांची फाइल काढली, तेव्हा प्लास्टिकच्या एका कप्प्यात बारावीच्या निकालामागे तो कागद घडी घालून ठेवलेला होता. काय आहे ते माहीत नसतानाही, ‘अभ्यासाचे काहीतरी असेल’ म्हणून मावशींनी तो जपला होता. त्यांनी फोनवर एकेक आकडा वाचला, तिकडे मुलाने तो टाकला आणि खाते उघडले. डिस्क अजून पुसली गेली नव्हती. एका संस्थेची अनेक वर्षांची सूची त्या रात्री एका आईच्या जपून ठेवण्याच्या सवयीवर वाचली, याचा मला आजही मनापासून आदर वाटतो. पण संस्थेची व्यवस्था अशा योगायोगावर उभी राहू नये, म्हणूनच मी हे इतके विस्ताराने सांगत आहे.

मशीन सुरू झाल्यावर आत काय दिसले, तेही ऐकण्यासारखे आहे. काय काय बसवले आहे याची एका ओळीचीही नोंद नव्हती. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, दिलेल्या आज्ञांचा इतिहास लिनक्स ही सर्व्हरवरची संगणकप्रणाली एका लपलेल्या फायलीत ठेवते. ती फाइल वाचत मला त्या मुलाच्या कामाचा माग काढावा लागला. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रोग्रामचे ३३०६ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे क्रमांकित दार, साऱ्या जगाला उघडे होते आणि पासवर्ड म्हणजे संस्थेचे नाव आणि स्थापनेचे साल. लॉगिनच्या नोंदींत ‘रूट’ आणि ‘अ‍ॅडमिन’ या सर्वाधिकारी खात्यांच्या नावांनी आत शिरू पाहणाऱ्यांची रांग लागलेली होती, आणि त्यात आश्चर्य काही नाही, कारण इंटरनेटवर येणाऱ्या प्रत्येक मशीनची कडी स्वयंचलित प्रोग्राम अहोरात्र वाजवून पाहत असतात.

सर्वांत अधिक मला बॅकअपने हादरवले. रोज रात्री सूचीची एक प्रत तयार होत होती, तिच्यावर तारीख होती, तिचा आकारही ठीक दिसत होता. मी एक प्रत उघडली. पुस्तकाचा क्रमांक बरोबर, किंमत बरोबर, आणि शीर्षक व लेखक यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे! प्रत काढणाऱ्या स्क्रिप्टने, म्हणजे आज्ञांच्या लिहून ठेवलेल्या यादीने, डेटाबेसशी जोडणी करताना लॅटिन-१ हा वर्णसंच, म्हणजे अक्षरांना आकड्यांत साठवण्याची पद्धत, वापरली होती. त्या वर्णसंचात देवनागरीला जागाच नाही; त्यामुळे डेटाबेसने प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह घातले. पडद्यावर चित्रविचित्र रोमन अक्षरे दिसली, तर मूळ मजकूर पुष्कळदा परत मिळवता येतो, कारण अक्षरांमागचे साठवलेले आकडे, म्हणजे बाइट, शाबूत असतात. प्रश्नचिन्ह झाले म्हणजे मात्र अक्षर कायमचे गेले. मूळ डिस्क पुसली गेली असती, तर त्या ग्रंथालयाकडे केवळ किमतींची यादी उरली असती. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने डेटाबेस, तक्ते आणि जोडणी या तिन्ही ठिकाणी देवनागरीसह सर्व लिप्या सामावणारा यूटीएफ८एमबी४ हाच वर्णसंच आहे ना, हे पाहिले पाहिजे. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीपासून तो आपोआप येतो, पण जुन्या स्क्रिप्टा जुन्याच सवयी घेऊन येतात.

हे छोट्या संस्थांतच घडते असे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचे काम साठवणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसची डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा फोल्डर, पुसली गेली, तेव्हा लक्षात आले, की रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता. बॅकअपचा प्रोग्राम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता आणि तो अपयशी झाल्याचे ईमेल कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांची माहिती गेली. त्या कंपनीने हे सारे स्वतःहून सविस्तर प्रसिद्ध केले, आणि ते वाचून जगभरातल्या अनेकांनी आपापले बॅकअप उघडून पाहिले.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे आणि वेळ थोडा उरला आहे, तेव्हा कबूल केलेला भाग आता सलग सांगते.

खाते संस्थेच्या डोमेनवरच्या, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या वेबपत्त्याच्या, ईमेलने उघडावे, वैयक्तिक ईमेलने नव्हे. डोमेनही संस्थेच्याच नावावर असावे. आपत्कालीन संकेतांक छापून दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवावेत, आणि पदाधिकारी बदलले की किल्ल्यांबरोबर त्यांचेही हस्तांतर व्हावे. खात्यात बिलाची मर्यादासूचना पहिल्याच दिवशी लावावी. ती खर्च थांबवत नाही, परंतु वेळेवर कळवते.

साध्या माहितीपर वेबसाइटला सर्व्हर लागतच नाही. स्थिर पाने ऑब्जेक्ट स्टोरेजवर (कंपनीच्या फायली साठवण्याच्या सेवेवर) किंवा तयार होस्टिंगवर (वेबसाइट ठेवण्याच्या सेवेवर) ठेवावीत. जिथे प्रोग्राम चालवायचा आहे तिथे लहान मशीन घ्यावे, त्यावर उबुंटू या लिनक्स-प्रकाराची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी, आवृत्ती घ्यावी, जिला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, आणि त्या आपोआप बसतील अशी सोय करावी. एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरण्याची पद्धत; लॉगिन तिच्या किल्लीने, म्हणजे आपल्या संगणकावरच्या गुप्त फायलीने करावे, पासवर्डने बंद. मात्र किल्लीने आत जाता येते याची दुसऱ्या खिडकीतून खात्री झाल्यावरच पासवर्डचे दार लावावे. फायरवॉल, म्हणजे कोणती पोर्टे उघडी ठेवायची ते ठरवणारा पहारेकरी, सुरू करण्यापूर्वी त्यात एसएसएचला परवानगी द्यावी, अन्यथा आपणच बाहेर राहतो. एसएसएचखेरीज बाहेर उघडी पोर्टे फक्त वेबसाइटची, ८० आणि ४४३. पुढे येणाऱ्या विनंत्या घेणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे आपला प्रोग्राम. वेबसाइट सुरक्षित असल्याचे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र मोफत असले, तरी त्याची मुदत अल्प असते. नूतनीकरण आपोआप होते की नाही, ते चाचणी चालवून पाहावे. एक जीबी मेमरीच्या मशीनवर डेटाबेसही चालवायचा असेल, तर स्वॅप फाइल, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा, हवीच. मेमरी संपली की लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ज्या प्रोग्रामला प्रथम बंद करते, तो बहुधा डेटाबेसच असतो.

डेटाबेसने केवळ १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवरच्या प्रोग्रामचे ऐकावे; दुरून पाहायचे असल्यास एसएसएचच्या बोगद्यातून, म्हणजे तिच्या सुरक्षित जोडणीतून, पाहावे. छायाचित्रे, स्कॅन केलेली पुस्तके, ध्वनिमुद्रणे सर्व्हरच्या डिस्कवर न ठेवता ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवावीत, आणि तिथली बकेट, म्हणजे फायलींचा कप्पा, सार्वजनिक नाही हे तपासावे. ईमेलचा सर्व्हर स्वतः चालवण्याच्या फंदात पडू नये; बहुतेक मोठ्या कंपन्या ईमेलच्या २५ क्रमांकाच्या पोर्टातून बाहेर जाणारी वाहतूक मुळातच अडवतात, आणि पत्रे गेली तरी स्पॅममध्ये पडतात.

बॅकअप त्याच इमारतीत आणि त्याच खात्यात नसावा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांची मूळ माहिती आणि प्रत दोन्ही तिथेच होती, त्यांच्याकडे काहीच उरले नाही. मुंबईतल्या मशीनची एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे किंवा इथल्या हार्ड डिस्कवर असावी; ती हार्ड डिस्क तळमजल्यावर नसावी, हे बडोदेकरांना वेगळे सांगायला नको. सर्व्हरचे घड्याळ सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असते, त्यामुळे रात्री दोनसाठी लावलेला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम, आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतो; वेळ ठरवताना साडेपाच तासांचा हिशेब करावा.

शेवटची सूचना अशी, की सर्व्हरवर दिलेली प्रत्येक आज्ञा एका नोंदवहीत किंवा स्क्रिप्टमध्ये उतरवावी, आणि दर तीन महिन्यांनी, ज्याने मूळ सर्व्हर उभारला नाही अशा व्यक्तीने केवळ ती नोंद आणि बॅकअप हाती घेऊन एक नवे मशीन उभारावे, त्यात दहा पुस्तकांची शीर्षके मराठीत वाचून पाहावीत आणि मग ते मशीन बंद करून टाकावे. लहान मशीनचे काही तासांचे भाडे चहापाण्याच्या खर्चाहून कमी पडते. नोंदवहीचा कोरा नमुना छापून दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. त्यातला पहिला रकाना खातेदाराच्या नावाचा आहे. विद्यार्थ्यांपैकी कोणाला आपल्या संस्थेत ही चाचणी घ्यायची असेल, तर त्याने माझ्याकडे नाव द्यावे, पहिल्या वेळी मी सोबत बसेन.