रॉबिनला घरी का ठेवतात?

(दृश्य: नाशिक, मेन रोडजवळची एक गल्ली. ड्रेपरीचं दुकान. हँगरवर ओळीनं लावलेले पोशाख.)

निवेदन:

डिसेंबर आला की शाळांची गॅदरिंग सुरू होतात आणि ड्रेपरीवाल्यांना जेवायला फुरसत मिळत नाही. शिवाजी महाराज, मावळे, झाशीची राणी, कोळीण, वासुदेव. त्याच रांगेत, वासुदेवाच्या मोरपिसांच्या टोपीला खेटून स्पायडरमॅन लटकलाय. छातीत आणि दंडांत स्पंज भरून शिवलेले स्नायू, पाठीला चेन, मानेजवळचं वेल्क्रो धुऊन धुऊन सैल पडलेलं. शेजारी बॅटमॅन, तीन मापांत.

एक आई दोन मुलांना घेऊन आली आहे. थोरला बॅटमॅन होणार हे घरीच ठरलंय. धाकट्यालाही बॅटमॅनच व्हायचंय. "अरे, दादा झालाय ना बॅटमॅन? तू दुसरं काहीतरी हो," आई म्हणते. धाकटा ढिम्म. दुकानदार काका मुकाट्यानं सगळ्यात लहान माप काढतात. एकाच घरातून दोन बॅटमॅन बाहेर पडतात.

आम्ही काकांकडे रॉबिन मागितला. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "तो कोण?"

(दृश्य: जुन्या कॉमिकची पानं उलटतात.)

निवेदन:

तो बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार. खरं नाव डिक ग्रेसन. सर्कशीत झुल्यावर कसरती करणाऱ्या आईबापांचा मुलगा. झुल्याचे दोर तुटतात, आईवडील डोळ्यांदेखत जातात. तो अपघात नसतो, खंडणीखोरांचं काम असतं. बॅटमॅन त्या पोराला घरी आणतो, तयार करतो आणि सोबत घेतो. हे घडलं एप्रिल १९४० च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ३८ व्या अंकात. तेव्हा बॅटमॅनला जेमतेम वर्ष झालं होतं.

हिशेब दुहेरी होता. वाचक पोरं आहेत, तर त्यांना आपल्या वयाचं कोणीतरी कथेत मिळावं. आणि लेखक बिल फिंगर यांची अडचण वेगळीच: बॅटमॅनला बोलायला माणूस नव्हतं. शेरलॉक होम्सला वॉटसन असतो, याला कोण? पुढच्याच वर्षी कॅप्टन अमेरिका आला तो बकी नावाच्या पोराला सोबत घेऊनच.

यातलं पहिलं गणित त्या ड्रेपरीच्या दुकानात चुकतं, आणि ते तेव्हाही चुकतच होतं. अमेरिकन व्यंगचित्रकार ज्यूल्स फायफर यांनी पुढे लिहिलं, की लहानपणी त्यांना रॉबिन अजिबात आवडायचा नाही. पोराला मोठं व्हायचं असतं, मोठ्याच्या मागे पळणारं पोर व्हायचं नसतं. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना वेताळाने वाढवलेला रेक्स आठवत असेल. पण चादर पाठीला बांधून पलंगावरून उडी मारताना 'मी रेक्स' असं कोणी ओरडल्याचं ऐकिवात नाही.

हा राग कुठवर जाऊ शकतो, ते १९८८ मध्ये दिसलं. तोवर पहिला रॉबिन मोठा होऊन बाजूला झाला होता आणि त्याच्या जागी जेसन टॉड आला होता. बॅटमॅनचा शत्रू जोकर त्याला मारतो, स्फोट होतो, आणि अंक तिथेच संपतो. तो वाचला की मेला, हे वाचकांनी फोन करून ठरवायचं. एका कॉलला ५० सेंट. जगावा म्हणून ५,२७१ फोन आले. मरावा म्हणून ५,३४३. बहात्तर फोनांनी एक पोर गेलं.

(दृश्य: अंधार. एकेक वर्ष पडद्यावर उमटतं.)

निवेदन:

मग अशा नावडत्या पात्राला सिनेमात घ्यायचंच कशाला?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. घ्यावं. पण खरंखुरं पोर म्हणून घ्यावं, आणि याला लढाईत न्यायला कोणी सांगितलं, हे पडद्यावरच कोणीतरी विचारावं. तेवढं जमणार नसेल, तर बॅटमॅनला एकट्यालाच फिरू द्यावं.

पडद्यावरचा पहिला रॉबिन आला १९४३ च्या पंधरा भागांच्या मालिकापटात. डग्लस क्रॉफ्ट, वय सोळाच्या आसपास. पुढे वय वाढतच गेलं. १९४९ चा जॉनी डंकन पंचविशीचा. १९६६ च्या गाजलेल्या टीव्ही मालिकेतला बर्ट वॉर्ड विशीचा. १९९५ मध्ये आलेला ख्रिस ओ'डॉनेल पुन्हा पंचविशीच्या घरातला. असा दणकट गडी अनाथ म्हणून एका श्रीमंताच्या बंगल्यावर आश्रयाला येतो, हे पाहून थिएटरात हसू फुटणारच. १९९७ चा पुढचा भाग तर असा आपटला, की थिएटरात बॅटमॅन पुन्हा दिसायला २००५ उजाडलं. खापर बरंचसं रॉबिनच्या डोक्यावर फुटलं. वास्तविक त्या चित्रपटात पोर नव्हतंच. होता तो बाइकच्या चावीवरून वाद घालणाऱ्या वयाचा भाडेकरू.

बाकीच्यांनी टाळाटाळ केली. टिम बर्टनच्या १९८९ च्या चित्रपटात रॉबिन नाही. १९९२ साठी मार्लन वेयन्सची निवड झाली होती, पण पात्रच गाळलं गेलं. ख्रिस्तोफर नोलननं तीन चित्रपट त्याच्याविना काढले आणि अगदी शेवटी एका तरुण पोलिसाचं खरं नाव रॉबिन आहे, एवढं सांगून आपली बोळवण केली. २०१६ मध्ये काचेच्या पेटीत नुसता पोशाख दिसला, जोकरनं रंगानं खरडलेला.

टाळण्यामागचं कारण समजतं. कॉमिकमध्ये गोळी शाईची आणि पोरही शाईचं. कॅमेऱ्यापुढे तेरा वर्षांचा मुलगा उभा केला, की त्याची मान किती बारीक आहे ते दिसतं. समोर बंदुकवाले दहा जण. मग बॅटमॅन शूर वाटत नाही, बेजबाबदार वाटतो. सिनेमा जितका खऱ्यासारखा, तितकं हे जास्त बोचतं.

आमच्या मते हे बोचणंच कामाचं आहे.

(दृश्य: पंचवटी. पहाटेचं रामकुंड. देवळाच्या भोंग्यातून सुप्रभातम्.)

निवेदन:

'कौसल्या सुप्रजा राम'. नाशिककर हे इतक्या वेळा ऐकतात, की कोण कोणाला उठवतंय याकडे लक्षच जात नाही. वाल्मीकी रामायणात हे शब्द विश्वामित्रांचे आहेत. शरयूकाठी गवताच्या अंथरुणावर झोपलेल्या राम-लक्ष्मणांना ते उठवताहेत. आदल्याच सर्गांत दशरथानं पोराला द्यायला साफ नकार दिलेला असतो. माझा राम सोळा वर्षांचाही नाही, तो म्हणतो. हवं तर मी स्वतः सैन्य घेऊन येतो, पण याला नेऊ नका. विश्वामित्र संतापतात, वसिष्ठ मध्ये पडतात, आणि मग कुठे मुलं निघतात. त्राटिका त्याच्यानंतर.

म्हणजे पोराला राक्षसांपुढे उभं करण्याआधी कवीनं बापाला पोटभर बोलू दिलंय. मोठ्या माणसाचा राग दाखवलाय. वाटेत मुलांना तहान-भूक-थकवा जाणवू नये म्हणून बला-अतिबला विद्या दिल्यात. आणि जिथे ही काळजी अपुरी पडली, तिथे जाब विचारलाय. अभिमन्यूला 'तू वाट फोड, आम्ही मागोमाग आलोच' म्हणणारे मोठे चक्रव्यूहाबाहेर अडकले, आणि संध्याकाळी परतलेला अर्जुन आधी भावांवरच उखडला. रॉबिनच्या सिनेमांत हा अर्जुन सापडत नाही. बॅटमॅनच्या घरचा नोकर अल्फ्रेड असतो, पण तो चहा आणतो आणि टोमणा मारतो.

(दृश्य: पांडवलेणीचा पायथा. फाळके स्मारक. मूकपटाची चित्रफीत.)

निवेदन:

पोर पडद्यावर पेलत नाही, असं म्हणणाऱ्यांना इथे आणावं. दादासाहेब फाळक्यांची कंपनी नाशिकची, आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मधला कृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी, सहा-सात वर्षांची. त्याआधी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र होताच. 'कालिया मर्दन'चा जो भाग आज शिल्लक आहे, त्याच्या सुरुवातीला फक्त मंदाकिनीचा चेहरा आहे. एकामागून एक भाव येतात, जातात, आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. आधी सांगितलंय की ही एक मुलगी आहे, आणि नंतर तिला नागाशी झुंजायला पाण्याखाली सोडलंय. काठावर गोकुळ हवालदिल. लहान मूल आणि पराक्रम, दोन्ही एकदम दिसतं. शंभर वर्षांपूर्वीची ही सोय आजच्या कोट्यवधींच्या बजेटला का सुचू नये?

एक अडचण मात्र खरीच. पोराला राबवता येत नाही, आणि येऊही नये. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि मिळकतीतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकावा लागतो. उशिरा आलेल्या हिरोची वाट पाहण्यात ते पाच तास संपले, तर निर्माता पंचविशीचाच रॉबिन शोधणार.

(दृश्य: थिएटरच्या जिन्यावरून उतरणारी मुलं.)

निवेदन:

ज्यांनी हिंमत केली, त्यांचं जमलंही. २०१७ च्या 'लोगन'मध्ये थकलेल्या सुपरहिरो वुल्व्हरिनच्या गळ्यात लॉरा पडते. ती दाफ्ने कीन, खरोखरची लहान मुलगी. ती मारते तेव्हा टाळी वाजवायला हात उचलतो आणि अर्ध्यावर थांबतो. २०२१ च्या मल्याळम 'मिन्नल मुरली'मध्ये तर भाचाच मामाला शिकवतो, की शक्ती आली म्हणजे नेमकं करायचं काय. कॉमिक वाचलेलं पोर घरात असण्याचा फायदा. मामा-भाच्याचं हे नातं आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बनेश शाळकरी. २०१७ च्या चित्रपटात त्याला मोठा केला, वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला तरुण केला. आमच्यातले काही जण त्यावर अजून नाराज आहेत. पण गंमत बघा, मोठ्या केलेल्या फेण्याला शेवटी एक पोर लागलंच. भूभू नावाचा रस्त्यावरचा पोरगा आला, आणि चित्रपटात जीव आला.

जानेवारी २०२३ मध्ये बॅटमॅनची कंपनी डीसीनं जाहीर केलेल्या नव्या बॅटमॅनपटात रॉबिन असणार आहे, तोही बॅटमॅनचा स्वतःचा मुलगा, डेमियन. कॉमिकमध्ये हा पहिल्यांदा येतो तेव्हा साधारण दहा वर्षांचा असतो. लगेच शंका आल्या: बारा वर्षांचा मुलगा घेतला, तर तिसऱ्या भागापर्यंत त्याला मिसरूड फुटेल. फुटू दे की. हॅरी पॉटरची पोरं २००१ ते २०११ अशी आठ चित्रपट आपल्यासमोरच वाढली. डिक ग्रेसनही १९८४ मध्ये रॉबिनचा पोशाख सोडून नाइटविंग झाला, आणि ड्रेपरीतल्या त्या धाकट्याला जर कोणी त्याच्याबद्दल सांगितलं, तर कदाचित तो दादाचा बॅटमॅन दादालाच ठेवू देईल.