ठाण्याची दुपार आणि न्यूयॉर्कची सकाळ

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात घड्याळात बारा वाजले तरी सूर्य माथ्यावर आलेला नसतो. तो येतो साधारण १२ वाजून ३८ मिनिटांनी, ऋतूप्रमाणे पंधराएक मिनिटं मागेपुढे. कारण आपली घड्याळं ठाण्याच्या सूर्यावर लावलेलीच नाहीत. ती लावली आहेत उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते आणि आपण त्या रेषेच्या साडेनऊ अंश पश्चिमेला आहोत. गुणाकार करून बघा.

ही भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली. मुंबईकरांना ती सहजासहजी पटली नाही. एकोणचाळीस मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ शहरात पुढे कितीतरी वर्षं टिकून होता. मला त्या लोकांचं म्हणणं समजतं. दुपार कधी झाली हे दुसऱ्या कुणी का सांगावं? पण रेल्वे आणि तारेला गावोगावची वेगळी वेळ परवडणारी नव्हती.

जगाचा हिशेब ग्रीनिचपासून सुरू होतो, हे १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरलं. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा तास. आणि एवढा पसरलेला चीन, पण त्याची सरकारी वेळ एकच.

आता नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेकडे या. अमेरिकेसाठी काम करणाऱ्या इथल्या मुलामुलींना हे गणित रोजचं आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेसात. आपलं घड्याळ जागचं हलत नाही. तिकडचे लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटा तासभर पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. त्याबरोबर इथली शिफ्ट सरकते, गाडी तासभर लवकर किंवा उशिरा येते, घरी जेवणाची वेळ बदलते.

लंडनचा काटा मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हलतो. त्यामुळे मधल्या दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्कमधलं नेहमीचं पाच तासांचं अंतर चारच तासांचं होतं. दोन्हीकडच्या लोकांना एका कॉलवर घ्यायचं असेल, तर त्या दिवसांत वेळ कळवताना शहराचं नाव आणि तारीखही लिहा. आपल्याकडे मंगळवारची पहाट असते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सोमवारची संध्याकाळ चालू असते.