फोटोतला कापलेला भाग जातो कुठे?

नमस्कार मंडळी. ज्यांनी कधी कॅसेटवर रेडिओवरची गाणी टेप केलीयेत त्यांना आजचा विषय पटकन कळेल. आधी कॅसेटवर अर्ध्या तासाचं भाषण होतं, त्यावर तुम्ही पाच मिनिटांचं गाणं टेप केलं, आता गाणं संपलं की खर्रर्र आवाज येतो आणि पुढे जुनं भाषणच वाजायला लागतं, कारण पुसली गेली ती फक्त पाचच मिनिटं.

गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये फोटोंचं नेमकं हेच होत होतं, सायमन ॲरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन या सुरक्षा संशोधकांनी ते शोधलं आणि मार्च २०२३ मध्ये सगळ्यांना कळलं. फोनमधल्या मार्कअप एडिटरमध्ये स्क्रीनशॉट क्रॉप केला की नवी छोटी फाइल जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिली जायची, पण मागे उरलेली जुनी शेपटी तशीच राहायची. स्क्रीनशॉट ज्या प्रकारात साठवले जातात त्या पीएनजी फाइलमध्ये 'चित्र इथे संपलं' अशी एक खूण असते, फोटो दाखवणारं ॲप तिथेच थांबतं, म्हणून आपल्याला काहीच दिसत नाही. समजा तुम्ही पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट घेतलात आणि खालचा बॅलन्स कापून टाकलात, तुमच्या मते तो गेला, पण जाणकार माणूस त्या शेपटीतून तो परत काढू शकायचा! त्याच महिन्यात विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही हाच घोळ सापडला.

आणि एडिटच कशाला, फोटो नुसता बघण्यातही धोका असतो. फोटो दाखवायचा म्हणजे सॉफ्टवेअरला आधी ती फाइल वाचावी लागते, आणि फाइल मुद्दाम वाकडी बनवली असेल तर वाचणाराच गडबडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या प्रकारचे फोटो वाचणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे अनेक ॲप्स वापरतात अशा तयार कोडमध्ये, असंच झालं, ठरलेल्या जागेपेक्षा जास्त डेटा मेमरीत लिहिला जायचा आणि त्यातून हल्लेखोराला आपला कोड घुसवता यायचा. तीच लायब्ररी क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, आणखी कितीतरी ॲप्समध्ये, म्हणून प्रत्येकाला वेगळा अपडेट काढावा लागला. फोटोचं ॲप साधं आहे म्हणून त्याचा अपडेट टाळू नका हो, मी अगदी कळकळीने सांगतोय.

पण क्रॉपच्या बाबतीत अपडेटने अर्धंच काम होतं. अपडेट केल्यानंतर कापलेले फोटो ठीक असतात, त्याआधी कापून पाठवलेल्यांची शेपटी कायम आहे. काही साइट्स फोटो अपलोड करताना नव्याने बनवतात, तिथे ती उडून जाते, पण ईमेलला जोडलेली किंवा क्लाउडवर ठेवलेली मूळ फाइल जशीच्या तशी असते. तेव्हा पिक्सेल फोन किंवा विंडोज ११ चा कॉम्प्युटर वापरला असेल तर आज जेवणं झाली की जरा बसा आणि जुने क्रॉप केलेले स्क्रीनशॉट कुठे कुठे शेअर केलेत ते शोधा, बँकेचे आणि आधारचे आधी.