कंद पिठासाठी नव्हे, ओलाव्यासाठी

(ठाण्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, तो तुम्ही वाचला असेल: धान्याशिवायचा, कमी कर्बोदकांचा पाव, आणि तोही कंदमुळं घालून. या एका ओळीत दोन वेगळ्या मागण्या आहेत. धान्य नको, ही एक. कर्बोदकं कमी हवीत, ही दुसरी. धान्य काढलं की कर्बोदकं आपोआप कमी होतात असं आपण धरून चालतो. तसं होत नाही, कित्येकदा उलटंच होतं, आणि ते कंदांमुळेच होतं. मग कंद वापरायचे कसे, हे सांगायला मी आले आहे.

आधी एक विचारते. एकादशी करणाऱ्यांनी हात वर करा. छान, अर्धं सभागृह आहे. आता एकादशीने ज्यांचं वजन उतरलंय, त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) बघा, सगळे खाली आले.

यात नवल नाही. कोरड्या साबुदाण्यात शंभर ग्रॅममागे ८७-८८ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि प्रथिनं जवळजवळ नसतातच. आपल्या कणकेत कर्बोदकं ७०च्या आसपास, शिवाय दहा-बारा ग्रॅम प्रथिनं आणि कोंड्याचे तंतू. म्हणजे उपवासाला आपण धान्य सोडलं आणि पिष्ट, म्हणजे स्टार्च, वाढवलं. हा साबुदाणाही कंदाचाच. तमिळनाडूत सेलमच्या आसपास कसाव्याचे कंद किसून, त्यातला स्टार्च धुऊन काढून, गोळ्या करून तो तयार होतो. आणि जाता जाता सांगते, वरी हे तृणधान्यच आहे. उपवासाला कुणी खाऊ नये असं मी म्हणत नाही, श्रद्धेच्या ताटात हात घालायला मी आलेले नाही. पण ते ताट रक्तातल्या साखरेसाठी हलकं आहे, असं मात्र समजू नका.

आता दादांची गोष्ट सांगते, कारण हा सगळा खटाटोप तिथून सुरू झाला. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. मधुमेह जुना. माणूस शिस्तीचा, गोळ्या वेळेवर, चालणं नेमाने. फक्त सकाळच्या चहाबरोबर ब्रेड-लोणी सुटेना. एक दिवस वहिनींचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाल्या, "अगं, धान्याशिवायचा ब्रेड मिळालाय. काय मऊ आहे! यांना पुन्हा चहाबरोबर खाता येतोय." किंमत नेहमीच्या ब्रेडच्या कितीतरी पट, पण दादांच्या चेहऱ्यासाठी वहिनींनी ती मोजली होती. आठवडाभराने त्यांचाच फोन, आता आवाज उतरलेला. न्याहारीनंतर दोन तासांनी साखर बघतात, तर पोळी खाल्लेल्या दिवसापेक्षा जास्त. यंत्र बिघडलं असेल म्हणून नवीन पट्ट्या आणल्या. पुन्हा तेच. मग घरात सुरू झालं, "तुम्ही बाहेर काहीतरी खाल्लं असणार." सत्तरी गाठलेल्या माणसाला आपल्याच घरात शपथा घ्याव्या लागत होत्या.

मी गेले आणि पाकीट मागितलं. पाठीमागे बारीक अक्षरात पहिला घटक होता टॅपिओका स्टार्च, म्हणजे कसाव्याचाच. दुसरा बटाट्याचा स्टार्च. मग पाणी, तेल, साखर, यीस्ट. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे ज्याचं नाव पहिलं ते सगळ्यात जास्त. दादा रोज सकाळी कसावा आणि बटाट्याचा धुतलेला शुद्ध स्टार्च खात होते, त्यावर साखर. मी दुकानात गेले. तिथला मुलगा बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "काकू, गव्हाचा कणसुद्धा नाहीये यात, बघा ना." त्याचं खरंच होतं. पाकीटही खोटं बोलत नव्हतं. पण ते ज्या फळीवर मांडलं होतं, तिच्यावर मोठी पाटी होती: मधुमेहींसाठी. माझा राग त्या पाटीवर आहे आणि तो अजून गेलेला नाही. पाटी लावणाऱ्याने घटकांची यादी एकदा वाचली असती, तर माझ्या भावाला घरात संशयित व्हावं लागलं नसतं.

आता सुरुवातीच्या त्या दोन मागण्यांची दोन गिऱ्हाइकं वेगळी करू. ज्याला ग्लूटेन हे गव्हातलं प्रथिन सोसत नाही, म्हणजे सिलिअ‍ॅक आजार आहे, त्याला तोच ब्रेड अगदी योग्य आहे. त्याची लढाई आतड्याशी आहे. या आजाराचा गव्हाशी संबंध दाखवला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला शंका आधीपासून होती; १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद आणि साखरबीट खाऊन जगले, आणि त्या उपासमारीतही ही आजारी मुलं सुधारली. पुन्हा पाव मिळू लागला तशी पुन्हा आजारी पडली. तर सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला ग्लूटेन नको, मधुमेह्याला पिष्ट कमी हवं. दोघांनाही बाजार एकच पाकीट विकतो.

कंदांचा पाव ही कल्पना नवी नाही. पण आजवर तो कुणी कशासाठी केला, हे बघण्यासारखं आहे. फ्रान्समधला पार्मांतिए हा औषधशास्त्रज्ञ सप्तवार्षिक युद्धात प्रशियनांचा कैदी झाला, तिथे बटाट्यांवर जगला, आणि परत येऊन जन्मभर बटाट्याचा प्रचार करत राहिला. त्याच फ्रान्समध्ये १७४८ साली बटाटा लावायलाच बंदी घातली होती, आणि १७७२मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने तो खाण्यालायक ठरवला. १७७९मध्ये पार्मांतिएने पीठ अजिबात न मिसळता बटाट्याचा पाव कसा करायचा, यावर पुस्तिकाच काढली. पहिल्या महायुद्धात जर्मनीने राईच्या पावात बटाटा घातला. १९१६च्या शरदात बटाट्याचं पीक बुडालं तेव्हा शलगमाच्या जातीचा कंद पुढे आला, तो हिवाळाच त्याच्या नावाने ओळखला जातो. कॅरिबियन बेटांवर कसाव्याची भाकरी कोलंबसच्याही आधीपासून आहे, आणि २०२४मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या मैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेने पन्नासच्या दशकात टॅपिओका आणि शेंगदाण्याच्या पिठातून कृत्रिम तांदूळ केला होता. देशात अन्न नव्हतं, त्या माणसांनी ते काम तळमळीने केलं.

या सगळ्यांचा हेतू एकच होता: भुकेल्या पोटात स्वस्तात जास्तीत जास्त ऊर्जा घालणं. त्यांना पिष्टच हवं होतं! आपल्याला नेमकं त्याच्या उलट हवंय आणि आपण कृती मात्र त्यांच्याच घेतो. रताळं उकडा, कुस्करा, साबुदाण्याचं पीठ घाला, भाजा. हा दुष्काळाचा पाव आहे. उत्तम पाव आहे, पण दादांसाठी नाही.

इथे ठाण्यात स्टेशनबाहेर संक्रांतीच्या सुमारास बायका कोनफळ, कणगर, करांदे असे कंद घेऊन बसतात. मातीने माखलेली, केसाळ सालीची, आकाराउकाराचं भान नसलेली ती कणगरं मला फार आवडतात. वाफवून मिठाबरोबर खा. ती जपली पाहिजेत आणि त्या बायकांना भावही नीट मिळाला पाहिजे, यावर मी स्वतंत्र तासभर बोलेन. पण या पावात नकोत, तीही पिष्टाचीच.

अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली आहे, दहाच मिनिटं उरली. कृती तर राहिलीच आहे, म्हणून भराभर सांगते, लिहून घ्या.

गव्हाच्या पावात ग्लूटेन जाळं विणतं आणि त्यात हवा अडकते, म्हणून पाव फुगतो. ते काढलं की तीन कामं दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत: धरून ठेवणं, अंग देणं आणि ओलावा देणं. बटाट्याचा किंवा कसाव्याचा स्टार्च यातली बरीच कामं एकटा करतो. साधारण ६०-७० अंशांवर तो पाणी पिऊन फुगतो, म्हणून तो ब्रेड इतका मऊ लागतो. आणि असा फुगलेला स्टार्चच पोटात झटकन पचून साखर होतो. वहिनींना आवडलेला मऊपणा आणि दादांची वाढलेली साखर, दोन्ही एकाच गोष्टीतून आलं.

म्हणून कामं वाटून द्यायची. धरून ठेवायला अंडी आणि इसबगोल. इसबगोल म्हणजे आपला पोटसफाईचा भुसाच, उत्तर गुजरातेत भरपूर पिकतो, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो आणि जवळजवळ सगळाच तंतू असतो. अंग द्यायला बदामाची पूड आणि जवसाची पूड. शेंगदाण्याची पूड स्वस्त पडते, कर्बोदकं बदामापेक्षा थोडी जास्त, चव मात्र चटणीकडे झुकते. आणि ओलाव्याला कंदमुळं, पण कमी पिष्टाची. तंतू वजा करून पचणारी कर्बोदकं धरली तर गाजर आणि बीट शंभर ग्रॅमला ६-७ ग्रॅम, शलगम ५च्या आसपास, पांढरा मुळा त्याहून कमी. याउलट बटाटा १५च्या पुढे, सुरण १७-१८, रताळं २०च्या आसपास, कसावा ३५च्या वर. गाजर-मुळ्यातलं पाणी त्यांच्या पेशींच्या भिंतींनी धरलेलं असतं. भट्टीत ते सावकाश सुटतं आणि पाव दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही. म्हणून उकडून कुस्करायचं नाही, जाड किसायचं.

प्रमाण असं. गाजर आणि मुळा मिळून साधारण पाव किलो किसा, अर्धा चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा आणि मुळ्याच्या पराठ्याला पिळतो तसा पंचात घट्ट पिळा. हे टाळू नका. पाण्याबरोबर थोडी साखर जाते, मुळ्याचा उग्रपणाही बराच जातो. पिळलेला कीस दीडशे ग्रॅम घ्या. दीडशे ग्रॅम बदामाची पूड, पन्नास ग्रॅम जवसाची, वीस ग्रॅम इसबगोल, पाऊण चमचा खायचा सोडा हे कोरडंच नीट मिसळा, सोड्याची गुठळी राहू देऊ नका. चार अंडी, शंभर ग्रॅम आंबट दही, दोन मोठे चमचे तेल वेगळं फेटा. सगळं एकत्र करा, वरून ओवा किंवा तीळ. दहा मिनिटं थांबा. आधी पातळ वाटेल म्हणून पीठ वाढवू नका. इसबगोल पाणी पितो आणि बोटाने दाबलं की खळगा तसाच राहतो, इतकं ते घट्ट होतं. लहान भांड्यात कागद लावून १७५ अंशांवर तासभर. सुरी कोरडी आली तरी आणखी पाच मिनिटं राहू द्या, कारण वरून भाजलेला दिसतो आणि पोटात चिकट असतो. पूर्ण गार होईपर्यंत कापू नका. गरम कापला तर मधोमध लगदा दिसेल आणि तुम्ही मला दोष द्याल. (हशा)

बारा काप केले तर एका कापात पचणारी कर्बोदकं माझ्या हिशोबाने तीन ग्रॅमच्या आसपास येतात. बाजारच्या ब्रेडच्या कापात ती बारा-चौदा असतात. दादा आता हाच खातात, लोण्यासकट, आणि दोन तासांनंतरची साखर त्यांनी स्वतः वहीत लिहिलेली आहे.

काही वेळा पाव आतून जांभळट निघतो. तो इसबगोलाचा रंग आहे, काही ब्रँडचा उतरतो, काहींचा नाही. खायला काही हरकत नाही. बीट घातलं तर उलटं, लालचुटुक पीठ भाजून तपकिरी होतं. सोडा आणि उष्णतेपुढे तो रंग टिकत नाही. सुरण घालायचा हट्टच असेल तर आधी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात शिजवून घ्या, नाहीतर घसा खाजेल, आणि कर्बोदकांचा हिशोब नव्याने मांडा. पाव फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो. जास्त दिवस ठेवायचा तर काप करून फ्रीजरमध्ये, आणि खाताना तव्यावर तूप टाकून भाजायचा.

दोन गोष्टी आणि थांबते. इसबगोलाचा पाव खाल्ला की पाणी भरपूर प्या, आणि गोळ्या त्याच्याबरोबर घेऊ नका, थोडं अंतर ठेवा. दुसरी जास्त महत्त्वाची. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि तुम्ही न्याहारीतली कर्बोदकं एकदम कमी केलीत, तर तोच जुना डोस जास्त ठरू शकतो. साखर खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. तेव्हा पाव बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. आम्हीही दादांचा डोस आधी विचारून घेतला, मगच पहिला काप दिला.

मागच्या टेबलावर दोन पाव कापून ठेवलेत, एक गाजर-मुळ्याचा, एक नुसत्या शलगमाचा. दोन्हींत अंडी आणि बदाम आहेत. ज्यांना चालत नाहीत त्यांनी घेऊ नका, त्यांच्यासाठी ताटलीत भाजलेले तीळ-जवस वेगळे ठेवले आहेत.