खोल खळग्यातला प्लग कसा काढाल?

नमस्कार शेतकरी मित्रहो. डिझेल ट्रॅक्टरला स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडून इंधन पेटवणारा प्लग, नसतो, त्यामुळं आजच्या तरुण मिस्त्रींचा हात त्यावर बसलेला नाही. पण पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे जुने ट्रॅक्टर, म्हणजे फर्ग्युसनचं टीईडी-20 किंवा जुना फोर्डसन, कुणाच्या पत्र्याखाली उभे असतील, तर त्यांचा प्लग काढताना घाई नडते.

आधी बॅटरीची तार काढा आणि प्लगच्या तारांवर खडूनं 1 ते 4 आकडे टाका. फर्ग्युसनच्या सिलिंडरांत ठिणगी 1-3-4-2 या क्रमानं पडते. तारांची अदलाबदल झाली की इंजिन नुसतं खोकत बसतं.

मग प्लग ज्यात बसतो त्या खळग्याकडं या. आपल्या काळ्या रानाची धूळ आणि गळालेलं तेल मिळून तिथं डांबरासारखा थर बसतो. पाना अर्धाच बसतो, आणि जोर लावला की प्लगचे कोपरे गोल होतात. पातळ पेचकसानं थर उकरा, डोळ्यांवर चष्मा लावून हवा मारा. प्लग अर्धा फेरा सैल झाला की थांबा, परत हवा मारा. तेवढं केलं नाही तर उरलेली माती सरळ सिलिंडरात पडते आणि पिस्टनच्या रिंगा खाते.

14 मिलिमीटर आट्यांच्या जुन्या प्लगला बहुतेक 21 चा सॉकेट लागतो. 18 मिलिमीटरचा प्लग मोठा, त्याचं माप घेऊनच पाना आणा. टाकी किंवा नळी आडवी येत असेल तर सॉकेट आधी एकटा खळग्यात बसवा, मग एक्स्टेन्शनची दांडी जोडा, शेवटी रॅचेटचा दांडा. रॅचेटचं डोकं डाव्या हातानं दाबून धरा; पाना तिरका झाला की प्लगची चिनी माती तडकते.

जाम असेल तर आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी आधी किंचित आवळा, मग सोडवा. पाव फेरा मागं, थोडं पुढं, असं करत राहा. करकर आवाज आला तर पुन्हा तेल. पान्याला पाइप लावून जोर कधीच करू नका. प्लग मधेच तुटला तर आट्यांचा तुकडा हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, अडकतो आणि हेड उतरवावं लागतं. गॅसच्या ज्योतीनं तापवणंही नको, शेजारी पेट्रोल-रॉकेल आहे.

नवा प्लग लावताना गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर, 0.6 मिलिमीटरच्या आसपास ठेवा, पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच घ्या. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या टोकावर चढवा आणि त्यानंच आटे लावा. आटे वाकडे लागायला लागले की नळी प्लगवर घसरते, पान्याला मात्र ते कळत नाही. हातानं पूर्ण बसला की नव्या वॉशरवर पान्यानं अर्धा फेरा, बस.