कोरे निघालेले चार रोल

आजचा विषय ‘फोटो निवडायचा कसा’ असा ठरलाय. त्यावर येतोच, पण आधी मला त्या चार रोलांचं सांगू द्या, कारण माझी फोटोग्राफी खरी तिथनं सुरू झाली.

माउलींची पालखी पुण्यातनं सासवडला जाते त्या दिवशी मी दिवे घाटात होतो. ब्लॅक अँड व्हाईट, 36 चे चार रोल, म्हणजे 144 फ्रेम. एका लॅबमध्ये टाकले आणि तिथल्या पोराने ते सरळ कलरच्या केमिकलमधनं काढले. जुनी मंडळी आत्ताच हळहळली, बघा. कलरमध्ये चांदी शेवटी काढूनच टाकतात, मागे रंग राहतो म्हणून चालतं, पण आपल्या साध्या ब्लॅक अँड व्हाईट फिल्मवर चित्र म्हणजे चांदीच, ती गेली की हातात नुसती पारदर्शक पट्टी. मी ती खिडकीशी धरली तर पलीकडचा नारळ स्वच्छ दिसला. काउंटरवरचा म्हणतो, साहेब, रोल नीट लागला नसेल. अहो, मग कडेचे नंबर कुठे गेले? ते तर कंपनीतनंच एक्स्पोज होऊन येतात, रोल फिरला नाही तरी धुतल्यावर उमटायलाच हवेत. अजून राग येतो मला.

मग घरीच बाथरूममध्ये डी-76, म्हणजे फिल्म धुवायचं केमिकल, कालवायला लागलो. 20 डिग्री हवं, नळाचं पाणी तेवढं गार कुठलं, म्हणून डबा बर्फाच्या पाण्यात. आणि स्वतः धुवायला लागल्यावर कळलं की माझ्या जुन्या निगेटिव्हच्या प्रिंटमध्ये वारकऱ्यांचे चेहरे काळेच पडायचे. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कॅमेऱ्यातलं उजेड मोजायचं मीटर त्या पांढऱ्याला करडं समजतं आणि उजेड तोडतं. तेव्हापासून मी त्याच उन्हात तळहात धरतो, रीडिंग घेतो, एक स्टॉप उघडतो, म्हणजे उजेड दुप्पट आत घेतो.

पुढच्या वर्षी फक्त 50 मिलिमीटरची लेन्स घेऊन दिंडीबरोबर चाललो. दोन आज्या ओलं नऊवारी दोन्ही टोकांना धरून चालत होत्या, वाऱ्यावर वाळवत. मी पुढे पळून कॅमेरा लावला तर एक म्हणाली, “फुडं काय पळतूस, संगं चाल की.” चाललो. अर्धा तास कॅमेरा गळ्यातच. मग लुगडं वाऱ्याने फुगलं आणि खालनं फक्त चार पावलं दिसली, चिखलाची. तेव्हा एकच फ्रेम घेतली.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिलीत. तर निवड. कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलच्या बारक्या प्रिंटांचा एक कागद, महिनाभर कपाटात ठेवा, घाट चढल्याचा दम विसरू दे, नाहीतर कष्टाचा फोटो चांगला वाटायला लागतो. मग शीट उलटी धरून बघा, चेहरे ओळखू येत नाहीत, काळं-पांढरं कसं बसलंय तेवढंच दिसतं. उरतील त्यांचे छोटे प्रिंट भिंतीवर लावा, ज्याच्याकडे आठवड्याने लक्ष जात नाही तो काढा. घाटातल्या पताकांचे माझे सगळे असेच उतरले, लुगडं राहिलं.

तो प्रिंट मागच्या टेबलावर आहे. हातात घेऊन बघा, फक्त कडेला धरा.