आधी जमतं, मग आवडतं

शिक्षक मित्रहो आणि पालकहो,

‘डोकं आहे हो त्याला, पण अभ्यासाची इच्छाच नाही.’ वर्गातल्या मुलांचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. शिक्षक म्हणतात, पालक म्हणतात आणि काही महिन्यांनी ते मूलही स्वतःबद्दल तेच म्हणायला लागतं. मीही ते बरीच वर्षं म्हणत होतो. या वाक्यात एक समजूत दडलेली आहे. प्रेरणा ही दप्तरातून आणायची वस्तू आहे, ज्यानं आणली तो शिकेल आणि ज्यानं आणली नाही त्याच्यापुढे शिक्षकाचा नाइलाज, अशी ती समजूत. मला हे आता पटत नाही. वर्गातली प्रेरणा बरीचशी वर्गातच तयार होते आणि वर्गातच आटते. शिकायला बसण्यासाठी ती थोडी लागते हे खरं, पण तिचा मोठा भाग शिकता शिकता येतो.

माझ्या वर्गात सातवीला एक मुलगा होता. अपूर्णांकांचा भागाकार आला की त्याचं पान कोरं. चुकलेलं नाही, खाडाखोड नाही, काहीच नाही. मी त्याला समजावलं, भविष्याबद्दल सांगितलं, रागावलो, पुन्हा प्रेमानं बोललो. तो मान हलवायचा आणि पान कोरंच राहायचं. एकदा मधल्या सुट्टीत मी त्याच्याशेजारी बसलो आणि गणित बाजूला ठेवून विचारलं, ‘अर्ध्यात पाव किती वेळा बसतो?’ म्हणाला, ‘दोनदा.’ ‘पाऊणात पाव?’ ‘तीनदा.’ ‘तीनात?’ थोडं थांबला. ‘एकात चार, म्हणजे तीनात बारा.’ मी म्हटलं, ‘तू आत्ता अपूर्णांकांचे तीन भागाकार केलेस.’ त्यानं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःहून विचारलं, ‘आणि पावात अर्धा किती वेळा बसेल?’

हा प्रश्न मी विचारला नव्हता. माझ्या सगळ्या उपदेशानं जे झालं नव्हतं ते चार मिनिटांत झालं. त्या चार मिनिटांत मी त्याला प्रेरणा दिली असं म्हणणं चुकीचं होईल. मी फक्त त्याला जमेल अशा जागेवरून सुरुवात केली. पुढचा प्रश्न त्याचा त्याला सुचला.

याला अभ्यासाचा आधारही आहे. अल्बर्ट बंडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजाबाकीत कच्ची आणि गणिताची गोडी नसलेली ४० मुलं त्यांनी घेतली. मुलांनी सात बैठकांमध्ये ४२ पानांचा संच स्वतःच सोडवायचा होता. काही मुलांना सांगितलं, दर बैठकीला निदान सहा पानं करा. काहींना सांगितलं, शेवटच्या बैठकीपर्यंत ४२ पानं पुरी करा. सहा गुणिले सात म्हणजे बेचाळीसच, काम तेवढंच. काही मुलांना कुठलंच उद्दिष्ट दिलं नाही. रोजच्या सहा पानांवर लक्ष ठेवणारी मुलं वजाबाकीत सगळ्यांत पुढे गेली. त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला, आणि पुढे कुणी सांगत नसतानाही ती वजाबाकी करायला बसली. दूरच्या उद्दिष्टाचा उपयोग जवळपास उद्दिष्ट नसण्याइतकाच झाला. ‘दहावीला कळेल तुला’ असं आपण तिसरी-चौथीतल्या मुलाला सांगतो तेव्हा आपण त्याच्यापुढे हीच ४२ पानं ठेवत असतो.

पण कोऱ्या पानाचं काय? ते आळसाचं लक्षण आहे असं मला वाटत होतं. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग पुष्कळांना माहीत असतील. काहीही केलं तरी विजेचा धक्का थांबत नाही हा अनुभव घेतलेली कुत्री, पुढे सुटकेची वाट असतानाही गप्प बसून राहिली. याला ‘शिकलेली असहायता’ हे नाव मिळालं आणि शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतही ते रुळलं. पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. याच दोघांनी २०१६ मध्ये, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे, आपलं म्हणणं दुरुस्त केलं. दीर्घकाळ त्रास झाला की गप्प होणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते दुसरंच, की माझ्या करण्यानं काहीतरी बदलतं.

पन्नास वर्षांनी स्वतःचाच सिद्धांत असा उलटा करून मांडणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. आणि वर्गासाठी या दुरुस्तीचं मोल मोठं आहे. ‘हे मूल असं का झालं’ एवढ्यावरच थांबू नये. त्याच्या करण्यानं काही बदललं, असा अनुभव त्याला या विषयात शेवटचा कधी आला होता, हे शोधावं. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत शोधत गेलो तर चौथीपर्यंत मागे जावं लागलं.

आता बक्षिसांबद्दल, कारण प्रेरणा म्हटलं की आपला हात आधी तिकडे जातो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग मी प्रत्येक पालकाला सांगतो. ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी मुलं निवडली होती. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच पेनं ठेवली आणि मुलं मोकळ्या वेळात काय करतात ते पाहिलं. बक्षीस न मिळालेल्या मुलांनी सुमारे १६.७ टक्के वेळ चित्रात घालवला, अवचित मिळालेल्यांनी १८.१ टक्के, आणि आधी कबूल करून मिळालेल्यांनी ८.६ टक्के. आवडीचं काम त्यांच्यासाठी बक्षिसाचं काम झालं होतं. बक्षीस गेलं, तसं कामही गेलं.

याचा अर्थ बक्षीस वाईट असा काढू नका. अवचित दिलेल्या बक्षिसानं काही बिघडलं नव्हतं. ज्या कामाची गोडी मुळातच नाही तिथे छोटं आमिष सुरुवात करून देतं, हेही मी पाहिलं आहे. पण गोष्टींची पुस्तकं आपणहून वाचणाऱ्या मुलीला ‘दहा पुस्तकं वाचलीस तर अमुक देईन’ असं सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिच्याकडे जे आहे ते कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं आहे.

गुणांचंही असंच आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला नुसते गुण दिले, दुसऱ्याला नुसता लेखी शेरा, तिसऱ्याला दोन्ही. शेरा म्हणजे ‘छान’ किंवा ‘सुधारणा हवी’ नव्हे. काय जमलं आणि काय राहिलं हे सांगणारं वाक्य. कामही सुधारलं आणि गोडीही टिकली ती नुसत्या शेऱ्याच्या गटात. दोन्ही मिळालेल्या गटाचा निकाल नुसत्या गुणांच्या गटासारखाच लागला. रात्री जागून आपण लाल शाईत जे लिहितो, ते शेजारच्या आकड्यामुळे वाचलंच जात नाही. ही गोष्ट वाचली तेव्हा मी खूप अस्वस्थ झालो होतो. परीक्षेत गुण द्यावेच लागतात. रोजच्या वहीत मात्र ते देण्याची सक्ती कुणी केलेली नसते.

कौतुकाबद्दल कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचा १९९८ मधला अभ्यास आता बराच प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’ म्हटलं. मग अवघड कोडी दिली, त्यात सगळ्यांचीच फजिती झाली. पुन्हा सोपी कोडी आल्यावर ‘हुशार’ मुलांचा निकाल पहिल्यापेक्षा खाली आला, मेहनतीबद्दल कौतुक झालेल्यांचा वर गेला. स्वतःचे गुण दुसऱ्या मुलांसाठी लिहून द्यायला सांगितलं, तेव्हा ‘हुशार’ मुलांपैकी जवळपास ४० टक्क्यांनी ते वाढवून लिहिले. एकदा हुशार ठरलं की चुकण्याची भीती वाटायला लागते, हे मला त्या खोट्या आकड्यांत दिसतं.

मात्र यावरून भिंतीवर ‘प्रयत्न करा’चे फलक लावून भागेल असं समजू नये. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे. बुद्धी वाढू शकते हे तासाभरापेक्षा कमी वेळात पटवून देणारा उपक्रम त्यात होता. मागे असलेल्या मुलांना फायदा झाला, पण तो लहान होता. तासाभराच्या कामाला तेवढाही पुष्कळ म्हणेन मी. पण ज्याला पाढ्यांपासून मदत हवी आहे त्याला ‘अजून मेहनत घे’ म्हणणं क्रूरपणा आहे. मेहनत कुठे घ्यायची हे त्याला दिसत नसतं, आणि ते दाखवणं आपलं काम असतं.

मला नेहमी विचारतात, वर्गात इतकी मुलं, प्रत्येकाशेजारी बसायला वेळ कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. मलाही रोज जमत नाही. मी दोनच गोष्टी करतो. सरावाच्या कागदावरचा पहिला प्रश्न वर्गातल्या सगळ्यांत मागे असलेल्या मुलालाही सुटेल असा ठेवतो. आणि तो ठेवण्यासाठी ते मूल नेमकं कुठे उभं आहे हे मला आधी शोधावं लागतं, हाच त्यातला खरा अभ्यास. दुसरं म्हणजे, रांगांमधून फिरताना ‘झालं का?’ असं विचारायचं सोडून दिलं. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’, आणि ‘नाही’ म्हणणारं मूल मान खाली घालतं. त्याऐवजी ‘कुठपर्यंत आलास?’ असं विचारतो. त्यावर मूल बोट ठेवून दाखवतं. बोट जिथे असतं तिथून पुढे बोलता येतं.

तो सातवीतला मुलगा पुढे गणिताचा चाहता झाला, असं काही घडलं नाही. त्याचा जीव विज्ञानात रमला. पण त्या वर्षी मार्च महिन्यात मी त्याची वही तपासायला घेतली, तेव्हा एका पानावर सलग पाच उदाहरणं चुकलेली होती. पाचही एकाच प्रकारे चुकलेली. भाजकाऐवजी भाज्य उलटा केला होता. मला खूप आनंद झाला, कारण आता मला त्याच्याशी बोलायला काहीतरी मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही पुन्हा पाव आणि अर्ध्यापासून सुरुवात केली.